पुरणाच्या ताटाची श्रीमंती

पुरणाच्या स्वयंपाकाची सामग्री मांडून पाहिली, तर ती अगदी साधी दिसते. हरभऱ्याची डाळ, गूळ, गव्हाची कणीक, तूप आणि चवीपुरती वेलची-जायफळ. केशर लागत नाही, बदाम-पिस्ते लागत नाहीत. तरीही होळी असो, पोळा असो की गौरीचा नैवेद्य, महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी मोठ्या सणाचा मान याच पक्वान्नाला दिला. पोळ्याला तर बैलाच्या तोंडी आधी पुरणपोळी जाते, मग माणसांची पाने वाढली जातात. इतक्या साध्या जिनसांतून मेजवानी कशी उभी राहिली? या ताटाची श्रीमंती जिनसांच्या किमतीत शोधली तर सापडत नाही. रोजच्या जेवणापासून ते किती दूर होते आणि त्याच्यामागे किती कष्ट होते, या दोन गोष्टींत ती होती. पहिली गोष्ट विसाव्या शतकात जवळपास संपली. दुसरी अजून शिल्लक आहे, आणि सणाच्या स्वयंपाकाविषयी आज जो विचार करायचा तो तिच्यापासूनच सुरू करावा लागतो.

आधी अंतराचे पाहू. देशावरचे रोजचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि नाचणी. गहू पिकत होता, पण तो सधन घरांचा. मुंबई इलाख्याची एकोणिसाव्या शतकातली गॅझेटियर्स लोकांच्या आहाराची नोंद करताना हाच फरक सांगतात: खात्यापित्या घरांत गहू नेहमीचा, इतरांकडे सणावाराला. तूप आणि तळण यांचेही तसेच. वर्षभर भाकरी आणि कोरड्यास खाणाऱ्या घरात गव्हाची मऊ पोळी, आत गोड सारण, वर तुपाची धार आणि बाजूला कुरडई-भजी आली की दिवस आपोआप वेगळा होई. पंचांग न पाहताही लहान मुलाला सण कळावा, एवढा हा फरक ठळक होता. आणि हे ताट उधळपट्टीचेही नव्हते. डाळ शिजल्यावर वर राहिलेले पाणी, म्हणजे कट, फेकला जात नसे. त्यात थोडे पुरण, चिंच, गूळ आणि काळा मसाला घालून कटाची आमटी होई. चैनीच्या दिवशीही घराची काटकसर सुटली नव्हती.

आता कष्टांचे. गहू निवडायचा, जात्यावर दळायचा, कणीक चाळायची. डाळ बोटाने चेपली जाईल इतकी शिजवायची, निथळायची, गूळ घालून आटवायची. उलथने मधोमध उभे राहिले की पुरण झाले ही खूण. मग ते गरम असतानाच पाट्यावर वाटायचे, कारण गार झाले की वरवंटा ओढणे जड जाते. कणीक तेल लावून तिंबायची, इतकी की पुरण भरून लाटली तरी पोळी फुटू नये. खानदेशात हेच काम आणखी अवघड होते. तिथली पुरणाची मोठी पोळी, म्हणजे मांडा, पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकतात. ही रीत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मंडक, म्हणजे मांडे, करण्याचे वर्णन आहे, आणि मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. कुंभाराकडून खापर मिळाले नाही म्हणून घरातला सण अडतो, हा त्या कथेतला पेच ऐकणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा होता.

यावर कोणी म्हणेल की मेजवानी मुळात वैभवाचे प्रदर्शनच असते, आणि ‘मानसोल्लास’मधले भोजन तर राजाच्या मुदपाकखान्यातले आहे. हे खरे आहे. त्या ग्रंथात मांसाचे अनेक प्रकार आहेत. पेशवाईतल्या पंगतीही सत्ता दाखवण्यासाठी होत्या, आणि 1783 मध्ये सवाई माधवरावांचे लग्न पुण्यात झाले तेव्हा त्याच्या थाटामाटाला राज्यकारभाराइतकेच महत्त्व होते. पण दरबाराचे भोजन आचारी करतात आणि त्याचा खर्च खजिना उचलतो. घरातल्या सणाला यांपैकी काहीच नसते, म्हणून तिथे वैभवाची जागा मेहनत घेते. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. पुरणाचे ताट म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. खंडोबाचा बोकड, सीकेपी घरांतले निनाव, वसईतल्या ख्रिस्ती घरांची नाताळची मेजवानी हेही सणाचेच अन्न आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचे जेवण नोंदवले, तेव्हा छापील पाकशास्त्राने किती चुली वगळल्या होत्या हेही उघड झाले. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा पडत नाही, उलट बळकट होतो. पदार्थ बदलले तरी सूत्र तेच राहते: रोज न मिळणारे अन्न आणि त्यासाठी घराने उपसलेले कष्ट. ज्यांच्या वाट्याला रोजचेच पुरेसे नव्हते, त्यांना सणाचे अंतर सर्वांत तीव्रतेने जाणवले असणार.

हे अंतर मिटवले ते धान्याच्या आणि साखरेच्या अर्थकारणाने. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आले. पुढे पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेचा गहू रेशनच्या दुकानांतून गरिबांच्या घरी पोचला, आणि हरितक्रांतीनंतर देशातलाच गहू मुबलक झाला. भाकरीची अनेक घरे चपातीची झाली. 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग राज्यभर कारखाने उभे राहिले, आणि गोड ही नवलाई उरली नाही. ही हानी नव्हे. गरिबाच्या मुलाला गव्हाची पोळी रोज मिळू लागली, ही सणापेक्षा मोठी गोष्ट आहे. मात्र त्यामुळे पुरणपोळीचे वेगळेपण एकट्या कष्टांवर येऊन टेकले, आणि ते कष्ट कोणाचे हा प्रश्न झाकून ठेवण्याची सोय उरली नाही.

ते कष्ट बायकांचे होते. सोवळ्यात, अनेकदा उपाशी राहून, धुरात त्या रांधत. आधी देव, मग पुरुषांची पंगत, आणि उरलेल्यावर त्यांचे जेवण. म्हणून ‘पूर्वीसारखा सण राहिला नाही’ ही हळहळ अर्धीच खरी आहे. पिठाची गिरणी, पुरणयंत्र आणि गॅस यांनी सण बिघडवला नाही, त्यांनी पाठीवरचा भार उतरवला. विकतच्या पुरणपोळीला नाके मुरडणाऱ्यांनीही थोडे थांबावे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये मुंबईत गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. घरात शतकानुशतके फुकट गृहीत धरलेल्या हातांना त्यामुळे बाजारात किंमत आणि संघटनेचे बळ मिळाले. त्या हातांची पोळी विकत घेणे म्हणजे परंपरा मोडणे नव्हे.

मग घरी हा स्वयंपाक करायचाच कशाला? कारण एकत्र जेवण्याआधी एकत्र राबण्यातही आनंद आहे, आणि हा स्वयंपाक त्याला मोठी जागा देतो. एकाने डाळ आटवावी, दुसऱ्याने पुरण वाटावे, तिसऱ्याने पोळी भाजावी, इतकी कामे त्यात आहेत. आजवर ती एकीच्या अंगावर पडली हा रिवाजाचा दोष आहे, पदार्थाचा नव्हे. गहू आणि गूळ सगळ्यांच्या आवाक्यात आले तसे पोळपाट-लाटणेही घरातल्या सगळ्यांच्या हाती आले, आणि रांधणारी पहिल्या पंगतीला बसली, तर या ताटाची श्रीमंती टिकेल. तसे होत नसेल, तर पोळी कितीही मऊ झाली तरी तो सण घरातल्या सर्वांचा म्हणता येणार नाही.