मेंढपाळाचा सूर आणि भात्याची हवा

चाळीसगावात ऑर्गन म्हटलं की जुन्या माणसांना संगीत नाटकातली पायपेटी आठवते. युरोपात मात्र ऑर्गन म्हणजे चर्चची भिंत व्यापणारं, शेकडो नळ्यांचं वाद्य. या भारदस्त वाद्यासाठी ‘पास्टोराल’ नावाचा एक साधासा प्रकार लिहिला गेला. पास्टोराल म्हणजे मेंढपाळांचं संगीत. त्याचा इतिहास वाचताना मला खानदेशच आठवत राहिला.

इटलीत नाताळच्या सुमारास डोंगरातले मेंढपाळ रोममध्ये उतरत आणि मेरीमातेच्या मूर्तींपुढे वाजवत. एकाकडे सनईच्या जातीचं वाद्य, दुसऱ्याकडे कातडी पिशवीचं. पिशवीत हवा साठलेली, म्हणून खालचा सूर तुटत नसे; वर झुलती चाल. हेच संगीतकारांनी उचललं. फ्रेस्कोबाल्दीची ऑर्गनवरची पास्टोराल रचना 1637 साली छापली गेली. बाखच्या पास्टोरालमध्ये (बीडब्ल्यूव्ही 590) सुरुवातीला पायाखालच्या पट्ट्या लांबच लांब सूर धरून ठेवतात आणि वर हात बारा मात्रांच्या झोक्यात फिरतात. नक्कल सहज जमली, कारण ऑर्गनही मुळात तेच आहे: साठवलेली हवा आणि तिच्यावर वाजणाऱ्या नळ्या.

आता आपल्याकडे या. अहिराणी म्हणजे अहिरांची, गुराख्यांची बोली. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या डोंगरपट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो, म्हणजे साधारण नाताळच्याच दिवसांत. तिथे पावरी वाजते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, टोकाला शिंगासारखा कर्णा. वाजवणारा गालात हवा धरतो, नाकाने श्वास घेतो, आणि सूर तुटत नाही. रोमच्या मेंढपाळाची कातडी पिशवी जे करते, ते इथे माणसाचे गाल करतात.

आपल्याकडेही ऑर्गन आला, पण वेगळ्या वाटेने. बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूबखाँकडे गाणं शिकले. पुढे 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तिच्या पदांना हरिभाऊ देशपांडे यांच्या ऑर्गनची साथ गाजली. हा ऑर्गन नळ्यांचा नव्हे, पितळी पट्ट्यांचा. पायाने भाता हलवायचा. रंगमंचावर कृष्ण होता, पण ऑर्गनचं काम गाणाऱ्याचा सूर भरून धरण्याचं. रानातल्या पावरीची नक्कल त्याने केली नाही.

म्हणून बाखने जे केलं ते इथे झालं नाही, अशी हळहळ वाटू शकते. मला ती अर्धीच पटते. बाखचं नाव जगाला ठाऊक आहे. रोमच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांपैकी किती नावं आपण सांगू शकतो? ऑर्गनने मेंढपाळाचा सूर जपला, मेंढपाळ नाही.

पावरीची गोष्ट अजून संपलेली नाही. ती कागदावरून नाही, माणसाकडून माणसाकडे जाते. शिकणारा नसला की तिथेच थांबते. या मार्गशीर्षात साक्रीकडे गेलात तर फोन काढण्याआधी वाजवणाऱ्याला विचारा. तो हो म्हणाला, तर व्हिडिओखाली ‘आदिवासी संगीत’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव लिहा, गाव लिहा, आणि तो कुणाकडून शिकला तेही लिहा.