बंदिशीतून आलेली ब्रजभाषा
मराठी गवयांना ब्रजभाषा शाळेने शिकवली नाही. ती ख्यालाच्या बंदिशींनी शिकवली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ग्वाल्हेर गायकीची तालीम वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे घेऊन महाराष्ट्रात परतले. तालीम तोंडी असे. गुरू ओळ गाई, शिष्य ती हुबेहूब उचली. अर्थ पुष्कळदा मागाहून उलगडे. त्यामुळे उच्चार कानात बसे, व्याकरण मात्र कच्चे राही आणि चुकीचा ऐकलेला शब्दही पुढच्या पिढीकडे तसाच जाई. ही उणीव लहान नव्हे. अर्थ हरवला की बंदिशीचा निम्मा जीव जातो. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त बंदिशी स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा ते शब्द डोळ्यांसमोर आले.

कानाने भाषा आत्मसात करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण कुमार गंधर्वांचे (१९२४–१९९२). कानडी घरात जन्मलेले आणि मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकलेले कुमार १९४८मध्ये इंदूरजवळच्या देवासला राहायला आले. क्षयाच्या दीर्घ आजारपणात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे त्यांनी माळवी बोलीच्या वळणाच्या बंदिशी स्वतः रचल्या. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला.