स्टीअरिंग थरथरते तेव्हा...

ताशी ९० किलोमीटरपर्यंत गाडी सुरळीत धावते. वेग शंभरीला टेकला की स्टीअरिंगचे चाक हातात थरथरू लागते आणि ताशी ११५ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर ही थरथर जशी आली तशी ओसरते. ‘माझदा एमएक्स-५’ या जपानी स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीबाबत ही तक्रार जुनी आणि सर्वपरिचित आहे. तिचे कारण बहुतेकदा किरकोळ असते. पण क्वचित प्रसंगी तीच थरथर फुटू घातलेल्या टायरची किंवा निखळू पाहणाऱ्या सांध्याची पूर्वसूचना असते. या दोहोंतील फरक ओळखता येणे, हेच निदानाचे मर्म होय.

दोन आसनांची, उघड्या टपाची ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम सादर झाली. अमेरिकेत ती ‘मियाटा’, तर जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली गेली. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ‘जिंबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार यांचे अद्वैत, हे सूत्र डोळ्यांसमोर ठेवले होते. आपल्याकडे माझदा हे नाव ‘स्वराज माझदा’च्या मालवाहू वाहनांमुळे परिचित झाले, या गाडीच्या चाहत्यांचा मोठा वर्ग मात्र अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये आहे. तथापि, तिच्या दोषांचे निदान करण्याची रीत बहुतेक सर्व मोटारींना लागू पडते.

संवेदनशीलता कशामुळे?

सुमारे एक टनाच्या आत वजन, मागच्या चाकांना गती, चारही चाकांना दुहेरी विशबोनचे सस्पेन्शन आणि रस्त्याची बारीकसारीक खबर हातापर्यंत पोहोचविणारे रॅक आणि पिनियन स्टीअरिंग, ही या गाडीची वैशिष्ट्ये. जड, आरामदायी मोटारीत जो कंप रबरी बुशांत आणि गाडीच्या वजनात विरून जातो, तो येथे थेट चालकाच्या तळहाताला जाणवतो. चालविण्याचा आनंद आणि थरथर ही एकाच गुणाची दोन रूपे आहेत.

मूळ १८५/६० आर १४ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला साधारण १५ फेरे घेते. रिमच्या कडेला केवळ २० ग्रॅम वजनाचा असमतोल असेल, तर या वेगाला तो प्रत्येक फेऱ्यात सुमारे सव्वातीन किलो वजनाइतका हिसका देतो. वेग निम्मा झाला की हा हिसका एक-चतुर्थांश होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. शिवाय चाक, हब आणि सस्पेन्शन यांची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. मोटारींमध्ये ती सामान्यतः सेकंदाला १० ते १५च्या घरात आढळते. चाकाचे फेरे आणि ही कंपनसंख्या जुळली की झोका योग्य वेळी ढकलल्यासारखा कंप वाढत जातो. वेग पुढे गेला की मेळ तुटतो आणि थरथर ओसरते. ठरावीक वेगालाच येणारी थरथर म्हणूनच प्रथम चाकांच्या असमतोलाकडे बोट दाखविते.

आधी लक्षणे, मग पाना

निदानाची पहिली पायरी गॅरेजमध्ये नव्हे, तर मोकळ्या, सरळ आणि गुळगुळीत रस्त्यावर असते. कंप कोठे जाणवतो, कोणत्या वेगाला सुरू होतो आणि काय केले असता बदलतो, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. कंप स्टीअरिंगमध्ये असेल, तर संशय पुढच्या चाकांवर. आसनात आणि गाडीच्या तळाशी असेल, तर मागच्या चाकांवर किंवा मागे शक्ती नेणाऱ्या शाफ्टवर घ्यावा.

कंप जाणवत असताना क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. इंजिनाचे फेरे उतरूनही कंप तसाच राहिला, तर दोष चाकांसोबत फिरणाऱ्या भागांत आहे. फेऱ्यांबरोबर तोही उतरला, तर इंजिन किंवा त्याची माउंटिंग तपासावीत. या चाचणीत इंजिन बंद करू नये आणि चावीला हात लावू नये. स्टीअरिंग लॉक होण्याचा आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य जाण्याचा धोका असतो. केवळ वेग वाढविताना येणारा कंप मागच्या चाकांना फिरविणाऱ्या शाफ्टचे सांधे किंवा झिजलेली माउंटिंग सुचवितो. केवळ ब्रेक लावताना येणारा कंप ब्रेकच्या डिस्कचा असतो.

टप उघडे असलेल्या गाडीत आणखी एक फसगत संभवते. छताचा आधार नसल्याने खडबडीत रस्त्यावर बॉडी किंचित पिळवटते आणि डॅशबोर्ड व समोरची काच हादरताना दिसते. हा रचनेचा गुणधर्म आहे. तो रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. चाकांचा दोष मात्र गुळगुळीत रस्त्यावरही ठरलेल्या वेगाला हजर होतो.

टायर आणि चाके

तपासणीची सुरुवात थंड टायरमधील हवेपासून करावी. मूळ मापाच्या टायरसाठी माझदाने चारही चाकांत २६ पौंड हवा सुचविली आहे. एवढ्या हलक्या गाडीत ‘मजबुतीसाठी’ ३५ पौंड हवा भरणाऱ्याला हादरे आणि निसटती पकड दोन्ही पदरात पडतात. टायर वेगळ्या मापाचे असतील, तर हवेचे प्रमाणही त्यांच्यानुसार ठरवावे लागते.

यानंतर टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हौसेने बाळगलेली गाडी वर्षाकाठी फारशी धावत नाही. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते. दीर्घकाळ एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला खालून सपाटपणा येतो. तो तात्पुरता असेल, तर काही किलोमीटर धावून टायर तापल्यावर कंप नाहीसा होतो.

याउलट ताशी २० ते ४० किलोमीटरच्या वेगालाही गाडी डोलत असेल, किंवा स्टीअरिंग तालात डावीउजवीकडे हलत असेल, तर टायरच्या आतील पोलादी पट्टे सुटू लागल्याची शंका घ्यावी. नक्षीवर किंवा बाजूवर फुगवटा हाताला लागला, तर निदान पूर्ण झाले असे समजावे. अशी गाडी पुढे चालवू नये. वेगात असा टायर फुटल्यास गाडी ताब्यात ठेवणे कुशल चालकालाही कठीण जाते.

टायर निर्दोष दिसल्यास चाकांची अदलाबदल करून पाहावी. या गाडीची चारही मूळ चाके एकाच मापाची असल्याने पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावता येतात. कंप हातातून आसनात गेला, तर दोष चाकाचा किंवा टायरचा. जागेवरच राहिला, तर हब, ब्रेक किंवा सांध्यांचा. फुकटात होणारी ही चाचणी अनेक अनावश्यक खरेद्या वाचविते.

बॅलन्सिंग करण्यापूर्वी रिमच्या आतील चिखल खरवडून काढावा आणि आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजूंना स्वतंत्र वजने लावून घ्यावीत. बॅलन्सिंग अचूक असूनही कंप उरला, तर रोलरचा दाब देऊन टायरच्या ताठरपणातील फरक मोजणारे यंत्र उपयोगी पडते. टायरचा ताठ भाग आणि रिमचा उंच भाग एकाच ठिकाणी आले असतील, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसविल्याने फरक पडतो.

बाजारातून घेतलेल्या शोभिवंत रिमबाबत विशेष दक्षता हवी. मूळ रिमचे मधले छिद्र ५४.१ मिलिमीटरचे असून ते हबवर घट्ट बसते. अनेक गाड्यांना चालावे म्हणून बनविलेल्या रिमचे छिद्र मोठे असते. मधली पोकळी भरणारे कडे न बसविल्यास चाक केंद्रापासून किंचित सरकते आणि यंत्रावर शून्य दाखविणारे बॅलन्सिंग रस्त्यावर निरुपयोगी ठरते. नट आवळताना चाक जमिनीपासून वर असावे, नट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत आणि अखेरचा ताण टॉर्क रेंचने द्यावा. या गाडीसाठी तो ९० ते ११८ न्यूटन-मीटर आहे.

ब्रेकची डिस्क

ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते; पॅडचा थर तिच्यावर कमीअधिक बसतो किंवा डिस्क असमान झिजते. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंज राहिला, तर नवी डिस्कही डोलत फिरते. हा डोल डायल गेजने मोजावा, ०.१ मिलिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. डिस्क बदलण्यापूर्वी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना अडकल्या आहेत का, हे पाहावे. थोड्या प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा अधिक तापणे, ही त्याची खूण.

सांधे, बेअरिंग आणि बुश

गाडी भक्कम आधारावर उचलून चाक हाताने हलवावे. केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये. वर आणि खाली धरून हलविल्यास जाणवणारी ढिलाई बेअरिंगची किंवा बॉल जॉइंटची. डावीउजवीकडे धरून हलविल्यास जाणवणारी मुख्यतः टाय रॉड किंवा रॅकची. सहकाऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर ढिलाई नाहीशी झाली, तर बेअरिंग दोषी. कायम राहिली, तर सांधा. बॉल जॉइंटमधील स्पष्ट ढिलाई ही दुरुस्ती पुढे ढकलण्याची बाब नव्हे; सांधा निखळल्यास चाक आडवे होते.

तीन दशके उलटलेल्या गाडीचे रबरी बुश कडक किंवा फाटलेले असणे स्वाभाविक आहे. ते बदलताना एक चूक वारंवार घडते. गाडी अधांतरी असतानाच बोल्ट अखेरचे आवळले जातात. रबर आतील आणि बाहेरील नळीला चिकटलेले असल्याने गाडी खाली येताच ते कायमचे पिळले जाते आणि लवकर फाटते. बोल्टचा अखेरचा ताण गाडीचे वजन चाकांवर असतानाच द्यावा.

गाडी ‘भटकते’ तेव्हा

थरथर नाही, पण गाडी सरळ राहत नाही, वळणात मागचा भाग अचानक सुटतो किंवा पुढचा भाग वळायला नाखूश असतो, या तक्रारी वेगळ्या प्रकारच्या आहेत. गाडी सतत एका बाजूला जात असेल, तर पुढची दोन चाके आपसांत बदलावीत. ओढ उलट बाजूला गेली, तर दोष टायरमध्ये. तशीच राहिली, तर अलाइनमेंटमध्ये किंवा अडकलेल्या ब्रेकमध्ये. दिशेचा बाण असलेले टायर या चाचणीनंतर मूळ जागी आणावेत.

पुढे एका आणि मागे दुसऱ्या प्रकारचे टायर असणे हे बिघडलेल्या तोलाचे मोठे कारण ठरते. मागची चाके बाहेरच्या दिशेला उघडलेली असतील, तर वळणात किंवा ॲक्सिलरेटर सोडताच गाडीचा मागचा भाग अस्थिर होतो. अपघातात आर्म वाकल्यास किंवा गाडी बेसुमार खाली बसविल्यासही ही वेळ येते. या गाडीत चारही चाकांचे कोन विशबोनच्या विकेंद्री बोल्टने जुळविता येतात; म्हणून अलाइनमेंट चारही चाकांचे करावे. मात्र जुन्या गाड्यांत हे बोल्ट गंजून जाम होतात आणि मग केवळ पुढची दिशा जुळवून काम उरकले जाते. मोजमापाचा छापील कागद मागून घेतल्यास ही त्रुटी उघड होते.

क्रमाचे महत्त्व

हवा, टायर, चाके, ब्रेक, सांधे आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा तर आहेच, शिवाय तर्कशुद्धही आहे. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते आणि असमतोल चाकांवर बसविलेला नवा रॅक थरथर थांबवीत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा चाचणी घ्यावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास दोष कशात होता, हे कळत नाही आणि तो परतला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो. चाके काढून बसविल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरवर नटांचा ताण पुन्हा तपासला की काम पूर्ण झाले, असे म्हणता येते.