आत्मसंरक्षणाचा हक्क : परवाना शस्त्राचा, गोळीचा नव्हे

चेन्नईतील लष्करी अधिकाऱ्यांच्या निवासी वसाहतीत ३ जुलै २०११ रोजी झाडाचे बदाम काढण्यासाठी शिरलेला १३ वर्षांचा मुलगा गोळीबारात मृत्युमुखी पडला. गोळी झाडणाऱ्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यास २०१२ मध्ये न्यायालयाने जन्मठेप सुनावली.

स्वतःच्या वा इतरांच्या जीविताचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता. मालमत्तेसाठी मात्र जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, जाळपोळ किंवा मृत्यूची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती निर्माण करणारी चोरी, एवढ्याच प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. झाडावरचे बदाम या यादीत बसत नाहीत. पोलिसांकडे जाण्यास अवधी असल्यास हक्कच उरत नाही.

भारतात बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. बचावाचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, तथापि तो संभवनीय असल्याचे दाखवणे पुरेसे ठरते.