देवाचा दरबार

ख्रिस्तकवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात स्थापन केलेला ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. अहमदनगर, सोलापूर, सातारा या भागांत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनशी ते दीर्घकाळ जोडलेले होते. मिशनऱ्यांचे वर्चस्व आणि चर्चला चढलेला पाश्चात्त्य साज त्यांना सलत असे. मिशनची सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली, पण ख्रिस्तावरची निष्ठा तसूभरही ढळू दिली नाही. चर्चमध्ये दुखावलेल्या माणसाची श्रद्धा मोडीत निघालेली नसते, हे त्यांच्या या निर्णयातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोघांनाही दरबारात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. जातभाईंना सोडून चर्चमध्ये येणे ज्यांना जमत नव्हते, किंवा चर्चचा परकेपणा ज्यांना खुपत होता, त्यांच्यासाठी हे दार मुद्दाम उघडे ठेवलेले होते. त्यातली करुणा मोठ्या धाडसाची म्हणावी लागेल. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबाराला स्थिर रूप येऊ शकले नाही. पण मिशनऱ्यांचे वर्चस्व आणि परकेपणा दूर करण्याचा प्रयत्न तिथेच थांबला नाही: टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी पुढे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. त्यात भारतीय आणि युरोपीय ख्रिस्ती बरोबरीने एकत्र राहत.