हिरवळ आणि हरळी

बंगल्यापुढील कातरलेली हिरवळ ही आपल्याकडे आज सुखवस्तूपणाची खूण होऊन बसली आहे. परंतु ही खूण या देशीं फार जुनी नाहीं. मोगलांच्या बागांत पाट, कारंजीं, फळझाडें आणि फुलांचे ताटवे यांस मान होता. आपल्या वाड्यांच्या चौकांत तुळशीवृंदावन असे, परसांत केळी आणि जाईजुई. नुसत्या गवताचा गालिचा पसरून त्यावर बसावें-खेळावें, ही आवड इंग्रजांबरोबर आली. १८९९ ते १९०५ या काळांत लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असतांना ताजमहालाच्या बागेची दुरुस्ती झाली, तींतही जुन्या दाट झाडीऐवजीं मोकळ्या हिरवळीस अग्रमान मिळाला.

खुद्द इंग्लंडांतही हिरवळ प्रथम धनिकांचीच होती. लांब दांड्याच्या कोयत्यानें गवत एकसारखें कापण्यास कसबी मजूर लागत. १८३० सालीं ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग यानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील लव कातरण्याचें यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. मग मध्यम वर्गाच्या दारींही हिरवळ आली. कापणीचा प्रश्न यंत्रानें सोडविला. पाण्याचा प्रश्न तेथें फारसा नव्हताच.

येथें एक गोष्ट वाचकांस नवलाची वाटेल. लंडनचा वार्षिक पाऊस सुमारें २४ इंच, तर पुण्याचा सुमारें २८ इंच. बेरजेंत आपण उणे नाहीं. भेद आहे तो वांटणीचा. तेथें ढग बाराही महिने थोडथोडें देतात आणि ऊन मवाळ असतें. येथें चार महिन्यांत बहुतेक सारें पदरांत पडतें, आणि उरलेले आठ महिने जमिनीस त्यावरच निभवावें लागतें. पुण्याच्या पूर्वेस, नगर-सोलापूरकडे, तर तेंही दान आंखडतें होतें.

अशा हवेंत विलायती गवतें उन्हाळ्यांत तग धरीनात. तग धरिला तो हरळीनें. गणपतीस वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या ह्याच. परंतु दख्खनच्या काळ्या रानांतील शेतकऱ्यास हरळीसारखा दुसरा वैरी नाहीं. तिचीं मुळें खोल जातात, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नवा अंकुर धरितो. ज्या गवताच्या निर्मूलनासाठीं कुणबी घाम गाळीत होता, तेंच साहेबाच्या अंगणांत मोटेच्या आणि पखालीच्या पाण्यावर पोसलें जात होतें.

हरळीस मात्र या लाडांची गरज नव्हती. ती ऋतु ओळखते. मृगाच्या पावसांत लाविलेले ठोंब श्रावणापर्यंत जमीन झांकून टाकतात. त्या दिवसांत दर आठवड्यास कापणी करावी, पण एका वेळीं पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये, आणि लव्हाळा मुळासकट काढावा. दसऱ्यानंतर पाणी रोज शिंपडण्यापेक्षां बऱ्याच दिवसांनीं पण भरपूर द्यावें, म्हणजे मुळें खालीं उतरतात. चैत्र-वैशाखांत गवत उंच ठेवावें, तुडवूं नये, आणि पिवळें पडलें तर पडूं द्यावें. वर पानें सुकतात. जमिनीखालीं जीव निजलेला असतो. ज्येष्ठांत चाळलेलें शेणखत व माती पसरली, कीं पहिल्याच पावसांत तें पुन्हां उठतें.

वैशाखांतही श्रावण दिसला पाहिजे, हा हट्ट मात्र पाण्यावांचून पुरत नाहीं. २०१६ सालच्या एप्रिलांत ही गोष्ट न्यायासनापुढें आली. मराठवाड्यांत दुष्काळ होता. मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. १२ एप्रिलला पोंचलेल्या पहिल्या गाडींत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. त्याच सुमारास मुंबई, पुणें व नागपूर येथें आयपीएलचे क्रिकेट सामने ठरले होते, आणि मैदानांस ६० लाख लिटर पाणी लागेल, असें एका याचिकेंत म्हटलें होतें. शुद्ध केलेलें सांडपाणी वापरण्याची तयारी पुढें आली. तरी १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितलें.

यावर आक्षेप निघाला, कीं सामने हलविल्यानें लातूरच्या घागरी भरणार नाहींत. मैदानांहून ऊंस कितीतरी अधिक पाणी पितो. हिशेब म्हणून तो खरा आहे, आणि उंसाचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु शेजाऱ्याच्या घरीं घागर रिकामी असतां आपण पाणी कशावर ओततों, हें हिशेबाइतकेंच शीलाचेंही प्रकरण आहे. दोष गवताचा नाहीं. हरळी आपल्या मुलखाची आहे व उन्हाळ्यांत निजणें हा तिचा धर्म आहे. वैशाखांत पिवळें दिसणारें अंगण लाजिरवाणें वाटण्याचें आपणांस कांहींच कारण नाहीं. ती लाज आपण दुसऱ्याच्या हवेकडून उसनी घेतली आहे.