हेपारिन: शोध कोणाचा आणि काम कोणाचे?

१९१६, बाल्टिमोर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी शरीरशास्त्रज्ञ विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठवणारे 'सेफॅलिन' हे द्रव्य शुद्ध करीत होता. यकृतातून काढलेला अर्क जसजसा जुना होत गेला तसतशी त्याची ही शक्ती ओसरली, आणि पुढे तर तो रक्त गोठूच देईना!

मॅक्लीनच्या आठवणीनुसार हॉवेल यांचा यावर विश्वास बसला नाही. तेव्हा त्याने मांजराच्या रक्तात तो अर्क मिसळून चंचुपात्र त्यांच्यासमोर ठेवले आणि 'गोठले की सांगा' म्हणून सांगितले. ते गोठलेच नाही. प्रसंग रंगतदार आहे. पण तो लिहिला गेला कित्येक दशकांनंतर, आणि छापला गेला १९५९ मध्ये, मॅक्लीनच्या मृत्यूनंतर. साधन म्हणून तो जपूनच वापरावा. 'हेपारिन' हे नाव (ग्रीक 'हेपार' म्हणजे यकृत) हॉवेल आणि एमेट होल्ट यांनी १९१८ मध्ये दिले. शिवाय मॅक्लीनचा अर्क मेदवर्गीय होता, तर आजचे हेपारिन ही गंधकयुक्त शर्करेची साखळी आहे. दोघांच्या हाती एकच वस्तू होती का? माझ्या मते श्रेयाच्या वादातला खरा प्रश्न हाच आहे.

१९३० च्या दशकात टोरांटोत चार्ल्स बेस्ट (होय, इन्सुलिनवालेच) आणि स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांच्या गटांनी ते रुग्णांना देण्याजोगे शुद्ध केले.

पण हेपारिन करते काय? १९३९ मध्ये ब्रिंकहाउस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ते एकटे जवळजवळ निष्प्रभ असते. त्याला रक्तद्रवातला एक जोडीदार लागतो. तो जोडीदार म्हणजे अँटिथ्रॉम्बिन. हे प्रथिन गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनला मुळातच जखडत असते, पण संथपणे. हेपारिन चिकटले की त्याचा आकार पालटतो आणि वेग सुमारे हजारपट वाढतो; मग हेपारिन सुटून दुसऱ्या रेणूकडे वळते. १९७३ मध्ये रोझेनबर्ग आणि डॅमस यांनी ही यंत्रणा उलगडली. गंमत अशी, की औषध अनेक दिवस दिले तर रक्तातील अँटिथ्रॉम्बिनची पातळी घटू लागते.

या जोडीदाराचे मोल मात्र त्याआधीच कळले होते. १९६५ मध्ये ओलाव एगेबर्ग यांनी एका नॉर्वेजियन कुटुंबाची नोंद केली: अँटिथ्रॉम्बिन नेहमीच्या जेमतेम निम्मे, आणि एकामागून एक सदस्यांच्या शिरांत गुठळ्या.